भिजायला नेलेली चाकं

—बसा ना धाकूदादा, उभे का राहिलात, त्या टायरवर बसा, कोरडा आहे तो. बाईसाहेब काही नाही म्हणायच्या, मी विचारलंय — म्हणजे विचारलंय असं नाही, सांगितलंय, की मी मुंबईचा मिस्त्री असलो म्हणून काय झालं, जी गाडी दहा वर्षं एका ड्रायव्हरच्या हाताखाली चालली तिचं इंजिन त्याला बोलावल्याशिवाय मी सुरू करायचा नाही. काय म्हणाल्या? आत गेल्या. तुमचं नाव काढलं की त्या आत जातात, ते तुम्हाला ठाऊक असेलच — बरं, ते राहू दे. ही बघा. ओळखू येते का? दोन वर्षं या खोपीत पडलेली, वर कोंबड्या बसायच्या, मी आलो तेव्हा पुढच्या सीटवर अंडी होती, खोटं नाही सांगत, सहा अंडी. आणि आता बघा बॉनेट. तोंड दिसतं की नाही तुमचं? सव्वा महिना राबतोय. सगळ्या रत्नागिरीत दोन दारांची अशी गाडी दुसरी नव्हती म्हणतात, मांडवीला आगबोटीतून उतरवली तेव्हा म्हणे अख्खं गाव बंदरावर — तुम्ही होतात ना? तुम्हीच उतरवलीत. तेच ते.

इंजिन खोललं तेव्हा काय निघालं माहितीय? वाळू. वाळू तर निघणारच, पण तिसऱ्या सिलिंडरमध्ये एवढीशी कुर्ली, वाळून खडखडीत, नांग्या जशाच्या तशा. ती आत गेली कुठून? मी आपला मॅग्नेटो, कार्ब्युरेटर सगळं रॉकेलात धुतलं, पिस्टनच्या रिंगा मुंबईहून मागवल्या, दोनदा चुकीच्या आल्या, तिसऱ्यांदा बसल्या. परवा पहिल्यांदा हँडल फिरवलं, हळूच, नुसतं बघायला — आणि धाकूदादा, तिने श्वास घेतला. हसू नका. हसत नाही आहात? बरं. इंजिन हवा ओढतं, आवाज होतो, मला काय ते कळत नाही होय, आठ वर्षं काढलीत गॅरेजात. पण हा तसला नव्हता. पाण्यातून वर आलेला माणूस कसा घेतो, तसा. मी हँडल सोडलं आणि बाहेर जाऊन माडाखाली उभा राहिलो. टळटळीत दुपार होती हो. सखू, ती भांडी घासणारी, ती म्हणते, मिस्त्री, ऊन लागलं तुम्हाला. म्हटलं, हो, लागलं.

चहा घेणार? सांगतो सखूला. नको? बरं. तर तुम्हाला बोलावलं ते अशासाठी की परवा कोल्हापूरहून गाडी घेणारे येतायत. घेऊन गेले की गेली. मग इथे काही उरत नाही, नुसती खोपी. म्हणून म्हटलं त्याच्या आत — तुम्ही एकदा स्टिअरिंगवर बसा, मी हँडल मारतो, झडप जरा वाजते तिची, ती आधीपासूनच वाजायची का ते तुम्हालाच कळणार. एवढंच काम. बाकी काही नाही.

चाकं? चाकं बघताय तुम्ही. मी म्हटलंच होतं, तुम्ही आल्या आल्या चाकंच बघणार. नवीन आरे घातले चारही चाकांना, सागवान, इथल्याच सुताराकडून, तो आत्माराम, झाडगावातला — तो तर हात लावायला तयार नव्हता. म्हणाला, ही चाकं बुडवणारी आहेत. म्हटलं, अहो चाकाने कोणी बुडत नाही. तर म्हणाला, मग धाकूने बुडवलं असेल. असंच म्हणतात हो सगळे, मी खानावळीत बसतो ना, रोज कोणीतरी सांगतं. धाकू अडाणी, बैलगाडीची चाकं आपण ओढ्यात भिजत घालतो तशी त्याने साहेबाच्या मोटारीची चाकं नेऊन भाट्याच्या खाडीत भिजत घातली, वर हातब्रेक ओढायला विसरला, साहेबाला आत बसवून शहाळी पाडायला गेला, भरती आली, गाडी घरंगळली, साहेब आतच बुडाले. संपलं. तुम्हाला बंदरावर बुडव्या म्हणतात ते खरं का? नका सांगू. हात बघूनच कळतंय, पोती उचलणाऱ्याचे झालेत. स्टिअरिंगवर असलेला हात असा नसतो.

आणि तुम्ही फौजदाराला सांगितलंत की साहेबांना मुंबईच्या एका मिस्त्रीने सांगितलं होतं. बरोबर ना? लाकडी आरे उन्हाने सुकले, चाक कटकट करायला लागलं, तर पाण्यात उभी करा, लाकूड फुगतं, आरे घट्ट बसतात. फौजदार हसला म्हणे. म्हणाला, मुंबईचा मिस्त्री असं गावठी सांगेल? नाव सांग त्याचं. आता तुम्हाला नाव कुठलं ठाऊक असणार.

पण सांगतात असं, धाकूदादा. गावठी वगैरे काही नाही. आमच्या गॅरेजात करतात, चाक काढतात, हौदात टाकतात, गोड्या पाण्याच्या, रात्रभर. चाक काढतात. गाडी नाही घालत पाण्यात. पण हे सगळं नीट सांगायला हवं ना समोरच्याला — आणि बघा, समजा, हेड मिस्त्री जेवायला गेलेत, आणि समोर एवढे मोठे वकीलसाहेब, जरीचा फेटा, हातात चांदीच्या मुठीची काठी, आणि ते विचारतात एका बावीस वर्षांच्या पोराला, काय हो मिस्त्री, चाकं वाजतात, काय करावं? मिस्त्री म्हणतात. तोवर त्याला सगळे अरे पोरा म्हणायचे. मग तो पोरगा काय करणार? ऐटीत सांगणार. पाण्यात घाला साहेब, लाकूड फुगेल. बस. एवढंच. हौद नाही, चाक काढा नाही. साहेब म्हणाले, आमच्याकडे पाण्याला काय तोटा, आणि हसले, पोरगापण हसला.

तुम्ही असे बघू नका माझ्याकडे.

हो. मीच. सदू. बघा, म्हटलं एकदाचं, केवढं सोपं आहे. बाईसाहेबांचं पत्र गॅरेजात आलं तेव्हा कोणी यायला तयार नव्हतं, आगबोट लागते सगळ्यांना, मी म्हटलं मी जातो. सगळे म्हणाले, सदूला काय हौस. हौस नव्हती हो. मला वाटलं, गाडी नीट झाली की माझ्या डोक्यातलं पण नीट होईल. उलटंच झालं. या दाराला आतून हात लावून बघा. इथे, मुठीच्या खाली. लागलं? ओरखडे आहेत ते. दाराची चौकटपण लाकडाचीच ना, आऱ्यांसारखी तीपण फुगली, दोन्ही दारं घट्ट. मी वार्निशचा डबा तीनदा उघडला, तीनदा बंद केला. सगळ्या गाडीला वार्निश आहे, तेवढी वीतभर जागा सोडून. कोल्हापूरवाले विचारतील, हे काय राहिलं? तेव्हा काय सांगू?

थांबा, उठू नका, अजून एक आहे. मी तुम्हाला इंजिनासाठी बोलावलंच नाही. झडप वाजत नाही तिची, काही वाजत नाही, मी सुरू करून पाहिलीय, घड्याळासारखी चालते. हा हातब्रेक. ओढून बघा. बघा ना. लोण्यासारखा येतो की नाही खालीवर? मी आलो तेव्हा तो वर होता, धाकूदादा. पूर्ण वर, शेवटच्या दात्यात, गंजून तिथेच धरलेला. तुम्ही ओढला होता. गाडी घरंगळली नाही, भरतीने चाकांखालची वाळू काढून नेली आणि ती तशीच्या तशी खोलात बसली. सखूच सांगत होती, बंदरावरच्या खारव्यांनी दोर लावून बाहेर काढली तेव्हा मागची चाकं फिरतच नव्हती, वाळूत नांगर ओढावा तशी आली. सगळे म्हणाले, चिखल अडकलाय. कोणी आत वाकून पाहिलं नाही. मी पाहिलं. पहिल्याच दिवशी. तेव्हाच जाऊन बाईसाहेबांना हाताला धरून आणायचं होतं, की हे बघा, तुमच्या ड्रायव्हरने ब्रेक ओढला होता, तो विसरला नव्हता काही. पण मग त्या म्हणाल्या असत्या, मग चाकं भिजवायचं कोणाच्या डोक्यातून आलं? तर मी रॉकेल आणलं. दोन दिवस मुरू दिलं. मग तीन हातोडे मारले, सुटला. दाते कानशीने घासले. काम आहे ते, मिस्त्रीने गंज काढायचाच असतो — नाही, नका बोलू, मला ठाऊक आहे. मला ते मारताना ठाऊक होतं.

पण माझं ऐका. मी ठरवलंय. तुम्हाला समोर बसवायचं आणि बाईसाहेबांना सांगायचं, सगळं, दात्यासकट. माझा शब्द आहे की नाही, मी पाहिलंय की नाही? पुरावा नसला म्हणून काय झालं, मी आहे ना पुरावा. त्या चारला तुळशीपाशी येतात, तिथून हाक मारली की इकडे येतील. फौजदाराकडेपण येतो मी. गॅरेजवाल्यांनी काढलं तर काढलं. परवा गाडी तुम्हीच कोल्हापुरापर्यंत न्यायची, सगळ्यांच्या देखत, बंदरावरून, झाडगावातून, हळू चालवत न्यायची. त्या बुडव्या म्हणणाऱ्यांच्या समोर हॉर्न द्या. मी शेजारी बसतो. तुम्ही म्हणाल तिथे बसतो. नुसतं हो म्हणा, मान हलवा, शिवी द्या, काहीतरी —

आल्या वाटतं. पावलांचा आवाज आला ना? त्याच.

या बाईसाहेब, या ना. हो, झालीच समजा, उद्या एकदा चालवून बघतो की परवाला तयार. काय? नाही, बोलतोय कुठे, कामाचंच आपलं. हा — हा धाकू. मीच बोलावला होता, इंजिनाचं एक जुनं विचारायचं होतं, दुसऱ्या कोणाला ठाऊक नव्हतं म्हणून. विचारून झालं. नाही नाही, गाडीला हात नाही लावू दिला त्याला. ते दार? ते राहिलंय जरासं, आत्ताच मारून टाकतो, डबा इथेच आहे.

धाकू, जा तू आता. काही लागलं तर निरोप धाडीन.