सात नंबरचे हेल्मेट

नाव: नोंदवहीत लिहून दिले आहे, परंतु त्या नावाने हाक मारल्यास मी वळून पाहीन याची खात्री नाही. सर्वजण मला शास्त्री म्हणतात. वय ५३ वर्षे. धंदा: वार्ताहर, तत्पूर्वी बारा वर्षे संस्कृत पाठशाळेत विद्यार्थी. राहणार: छापखान्यावरची खोली.

समक्ष विचारल्यावरून सांगतो की, प्रथम माझी स्वतःची एक तक्रार नोंदवावी. या ठाण्यातील पेनाला बांधलेली सुतळी चार बोटे आखूड आहे. त्यामुळे सही करणाऱ्यास टेबलावर जवळजवळ साष्टांग पडावे लागते व निरपराध मनुष्याच्याही चेहऱ्यावर अपराधी भाव येतो. यावर हवालदारांनी "मुद्द्याचं बोला" असे सांगितले, म्हणून मुद्द्याचे बोलतो.

गेल्या वर्षी डोंगरावरील आदिवासी वस्ती, तंत्रशाळा व पाणीपुरवठा कंपनी यांच्यात करार झाला. वस्तीने शिकाऊ द्यायचे, तंत्रशाळेने वस्तीतच वर्ग भरवून पंपदुरुस्ती शिकवायची व पास होणाऱ्यास कंपनीने नोकरी द्यायची. त्याची बातमी मीच दिली होती. तीत 'त्रिवेणी संगम' हा शब्द मी वापरला, हे कबूल करतो.

त्या वस्तीत बाहेरचे काम घराकडे येते, माणसाकडे नाही. घरातला जो त्या दिवशी मोकळा असेल तो कामावर जातो आणि संध्याकाळी काय काय झाले ते बाकीच्यांना करून दाखवतो. ही रीत त्यांनी लपवली नाही. त्यांना कोणी विचारले नाही, एवढेच. नावनोंदणीच्या दिवशी कारकुनाने "नाव?" असे विचारले, तेव्हा त्यांनी रीतीप्रमाणे घराचे नाव सांगितले. कारकुनाला ते माणसाचे वाटले. त्याने एक हेल्मेट दिले, त्यावर ७ हा आकडा होता.

त्या घरात तिघे राहतात: थोरली, तिची धाकटी बहीण व दोघींचा मामा. सहा महिने हे तिघे आळीपाळीने वर्गात बसले. हेल्मेट, चष्मा व तोंडावरची पट्टी चढवल्यावर मनुष्यमात्रात काही भेद उरत नाही, असे मी स्वतः पाहिले आहे. तक्रार झाल्यावर याबाबत मी तंत्रशाळेच्या मास्तरांना विचारले असता ते म्हणाले, "मी हात बघतो. तोंडाने पंप उघडतो का कोणी?" परीक्षेत लेखी धाकटीने दिली, तोंडी थोरलीने व प्रात्यक्षिक मामाने. सात नंबर पहिला आला. प्रमाणपत्र घराच्या नावाने निघाले व नोकरीही त्याच नावाने लागली.

त्यानंतर आठ महिने सात नंबर पंपघरात एकही खाडा न करता हजर होता. ताप, लग्न, मयत काहीही आडवे आले नाही. अशी हजेरी मी आजवर फक्त सूर्याची पाहिली होती. म्हणून गेल्या सोमवारी मी फोटोसह बातमी दिली. त्या दिवशी पाळी धाकटीची होती. फोटोसाठी मी तिला हेल्मेट काढायला लावले. ती "नको काका" म्हणाली होती. मला वाटले, लाजते आहे.

मंगळवारी कंपनीचे मॅनेजर बातमीचे कात्रण घेऊन ठाण्यात आले. त्यांची तक्रार अशी की, सात नंबरला त्यांनी एकदा चहा पिताना पट्टीशिवाय पाहिले असून त्यास मिशा आहेत. फोटोतील इसमास नाहीत. सबब ही तोतयेगिरी आहे.

आज सकाळी सव्वादहा वाजता तिघांना ठाण्यात बोलावले. माझ्यासमक्ष झालेले बोलणे असे.

ठाण्याच्या साहेबांनी विचारले, "तुमच्यातला सात नंबर कोण?"

थोरली म्हणाली, "आज मी. काल मामा होता."

"आजचं नाही विचारत. खरा कोण?"

"पंप चालू आहे ना साहेब? मग खोटा कोण असणार?"

मॅनेजर म्हणाले, "अहो बाई, नोकरी एका माणसाची असते!"

थोरली म्हणाली, "तुम्ही रजेवर गेलात की तुमच्या खुर्चीत कोण बसतं?"

"तो कार्यभार सांभाळतो. त्याचा लेखी आदेश असतो."

"आमचा तोंडी असतो."

त्यावर मामा म्हणाला, "साहेब, मिशीचीच अडचण असेल तर काढतो." मॅनेजरांनी हे विचारात घेण्यास नकार दिला.

येथे नमूद करावेसे वाटते की, माझा हा जबाब सकाळी एका हवालदारांनी घेण्यास सुरुवात केली. दुपारी ते जेवायला गेल्यावर दुसऱ्यांनी लिहिला. त्यांची पाळी संपल्याने आता तिसरे लिहीत आहेत. तिघांची अक्षरे वेगळी, जबाब एक. हा मजकूर जबाबात घ्यावा की नाही यावर चर्चा झाली. साहेब हसले व "घ्या" म्हणाले.

दुपारी तीन वाजता मॅनेजरांनी तडजोड सांगितली. पाच वाजेपर्यंत तिघांनी मिळून एक नाव द्यावे. प्रमाणपत्र व नोकरी त्या एकाची कायम होईल. बाकीच्या दोघांनी पंपघरात पाऊल टाकायचे नाही. नाव न दिल्यास प्रमाणपत्र रद्द व तिघांवर गुन्हा. साहेबांनाही हे सोयीचे वाटले. मलाही प्रथम वाटले.

तेव्हापासून तिघे बाहेर व्हरांड्यात आहेत. सकाळी ते एका बाकावर बसले होते, मध्ये हेल्मेट ठेवून. साडेतीनला मी पाणी प्यायला गेलो तेव्हा धाकटी एकटी माझ्याकडे आली. म्हणाली, "काका, पेपरात फोटो माझाच आलाय ना? मग ते माझंच झालं, नाही का?" मी पाण्याचा पेला भरून तिच्यापुढे केला. थोड्या वेळाने मामा आला. त्याने आवाज खाली आणून विचारले, "शास्त्रीबुवा, तक्रारीत मिशा लिहिल्यात ना? घरात मिशा मला एकट्यालाच आहेत. तुम्ही सांगा ना साहेबांना." थोरली आली नाही. ती जिन्याच्या पायरीवर तोंड फिरवून बसली आहे. धाकटीने तिला पाण्याचा पेला नेऊन दिला, तो तिने घेतला नाही.

या तिघांपैकी खरा सात नंबर कोण, हे मी ओळखून सांगावे असे मला सांगण्यात आले. मी ओळखू शकत नाही. हे मी घाबरून किंवा कोणाच्या दबावाखाली सांगत नाही.

हा जबाब मला वाचून दाखवला. तिन्ही अक्षरांत मी सांगितले तेच उतरले आहे, काही गाळलेले अथवा पदरचे घातलेले नाही. वाचून झाल्यावर एक गोष्ट सांगायची राहिली असे मी म्हटल्यावरून ती खाली घेतली आहे.

आता पाच वाजायला दहा मिनिटे आहेत. गुन्हा दाखल झाला तर वकील मिळेल. मला भीती वाटते ती हे तिघे नाव देतील याची.