त्या दिवशी कुलूप नव्हतं

पौर्णिमा: ते सगळं राहू दे, रोडग्यायचं सांग. आठ दिवस झाले, तू त्यायचं नावच काढत नाई. खाल्ले का फेकून देले?

ऋचा: फेकू कशाला? आईने खाल्ले. तीन खाल्ले तिने, वांग्याच्या भाजीत चुरून.

पौर्णिमा: अन तू?

ऋचा: मी... हा घे तुझा डबा. घासून आणलाय. आत बाकरवडी आहे.

पौर्णिमा: डबा देयाले पुण्याची पोरगी रविवारी बस धरून, फाट्यापासून पायी पायी मळ्यात आली. उद्या शाळेत देता नसता आला? तोंड पाह्य तुझं, टमाट्यावानी झालं उन्हानं. बस त्या दगडावर, पाणी आणतो.

ऋचा: पाणी नको.

पौर्णिमा: काहून? विहिरीचं आहे म्हणून? गोड आहे बाई. तुमच्या फ्लॅटच्या टाकीपेक्षा लाखपट.

ऋचा: तसं नाही गं. तू आधी बस ना. मला काहीतरी सांगायचंय.

पौर्णिमा: सांग न मग. पण मेथीच्या जुड्या बांधता बांधता सांग, पहाटे काकाच्या गाडीत जातात बाजारात. हे घे सुतळी. मुळं एकीकडं, पानं एकीकडं. अशी नाई वं, ही जुडी आहे का झाडू? हां, आता बरं. बोल.

ऋचा: कुठून सुरुवात करू तेच कळत नाहीये.

पौर्णिमा: पाहा, तोंडाची पेटी बंद पडली. शुक्रवारीबी तेच. सारा वर्ग मागं लागला, फिजिक्सच्या सरांची नक्कल कर म्हणून, अन तू खिडकीबाहेर पाहत बसली. करिश्मा मले विचारे, पुणेवालीले काय झालं? म्हटलं, मले काय माहीत. जूनमधे शाळेत नवी आली तवा तं तुले तोंडच नव्हतं. डबा घेऊन जिन्याखाली बसायची.

ऋचा: तूच ओढून बाहेर काढलंस. वरून ओरडलीस, एकटी काय खाऊन राहिली, आम्ही चावतो का? मला वाटलं भांडायला आलीयस.

पौर्णिमा: मग?

ऋचा: मग न विचारता माझी अर्धी पोळी उचललीस आणि म्हणालीस, तुझ्या आईच्या भाजीत मीठ नाई. तेव्हा कळलं, ही भांडत नाहीये.

पौर्णिमा: खरंच नव्हतं मीठ. अन मग पंधरा दिवसांत तू सरांची नक्कल केली. बाप रे, सर स्वतः दारात उभे होते तरी आम्हाले हसू आवरत नव्हतं. त्या दिवसापासून सगळ्या तुझ्या मागं. मी घरी येऊन आजीले सांगितलं, अशी अशी एक पोरगी आली आहे, माणूस दिसला की त्याची हुबेहूब नक्कल उतरवते. आजी म्हणे, पाहू तं दे मले. म्हणूनच गेली ती तुमच्याकडं मागच्या रविवारी. सकाळी उठून गोवऱ्या पेटवल्या, आरावर कणकेचे गोळे ठेवून रोडगे भाजले, काकाच्या गाडीत बाजारापर्यंत गेली अन तिथून तुमच्या कठोरा नाक्यापर्यंत पायी. म्हटलं, आजी, फोन करून विचारतो ती घरी आहे का. तं म्हणे, कोणाच्या घरी जायाले फोन कायले लागते? गेली, तीन माळे चढली, अन तुमच्या दाराले कुलूप. वॉचमनजवळ पिशवी ठेवून आली बिचारी.

ऋचा: असं सांगितलं त्यांनी?

पौर्णिमा: हो. काहून?

ऋचा: पौर्णिमा, कुलूप नव्हतं.

पौर्णिमा: म्हणजे?

ऋचा: मी घरीच होते. आई भाजी आणायला गेली होती. दार मीच उघडलं.

पौर्णिमा: मग आजी चुकली असन. समोरच्या दाराशी गेली असन.

ऋचा: नाही. आमच्याच दारात आल्या त्या. मी व्हिडिओ कॉलवर होते, पुण्याच्या चौघी मैत्रिणी होत्या. बेल वाजली. दार उघडलं तर एक म्हाताऱ्या बाई. नऊवारी, डोक्यावर पदर, हातात कापडी पिशवी. दम लागला होता त्यांना. मी विचारलंसुद्धा नाही की कोण हवंय. बघितलं आणि म्हणाले, आज काही नकोय. त्या म्हणाल्या, पहिले पाणी दे माय.

पौर्णिमा: देलं ना?

ऋचा: दिलं.

पौर्णिमा: झालं तं मग. तू ओळखलं नाई, त्यात काय एवढं? तिनंबी पहिले नाव सांगायचं. मी आहे पौर्णिमाची आजी, असं. ती पाण्याआधी बोलतच नाई.

ऋचा: आमच्या दाराशी चपलांच्या स्टँडवर एक ग्लास असतो.

पौर्णिमा: माहीत आहे. पार्सलवाल्यायचा.

ऋचा: त्यात दिलं. बाहेर, पायरीवर बसवून.

पौर्णिमा: सुतळी दे इकडं.

ऋचा: काहीतरी बोल ना.

पौर्णिमा: मी पहिल्यांदा आली होती तुमच्या घरी, तेव्हा मले कोणत्या ग्लासात देलं होतं?

ऋचा: घरातल्या. काचेच्या.

पौर्णिमा: काहून?

ऋचा: तू युनिफॉर्ममध्ये होतीस.

पौर्णिमा: अन नसती तं?

ऋचा: माहीत नाही.

पौर्णिमा: पुढं सांग.

ऋचा: एवढं पुरे नाही का?

पौर्णिमा: पुढं आहे अजून. तुझ्या हातातली जुडी पाह्य, सारी पानं तोडून टाकली तू.

ऋचा: मी दार लोटलं. पूर्ण लावलं नाही, नुसतं लोटलं. फोनवर त्या विचारत होत्या, कोण आलं होतं? तर मी... मी नक्कल करून दाखवली. त्यांनी पाणी कसं मागितलं, कंबरेवर हात ठेवून श्वास कसा घेतला, पदर कसा ओढला. चौघी हसायला लागल्या. एक म्हणाली, परत कर, परत कर. मी परत केली. आणखी मोठ्या आवाजात. आणि मग लक्षात आलं की दार उघडंच आहे.

पौर्णिमा: अन आजी पायरीवर.

ऋचा: बाहेर आले तेव्हा कोणी नव्हतं. ग्लास विसळून पालथा घातला होता. शेजारी पिशवी. वर संत्री होती आणि खाली हा डबा, झाकणावर खिळ्याने कोरलेला 'पौ' असलेला. रोज आपण दोघी ह्याच डब्यात जेवायचो. बघितल्या बघितल्या कळलं मला.

पौर्णिमा: धावत खाली गेली असशील मग.

ऋचा: नाही.

पौर्णिमा: नाई गेली?

ऋचा: गॅलरीतून बघितलं. गेटजवळ पोचल्या होत्या. हळूहळू चालत होत्या. हाक मारली असती तर ऐकू गेली असती.

पौर्णिमा: मारली नाई.

ऋचा: नाही. कठड्याखाली वाकले, त्यांनी वर बघितलं तर दिसू नये म्हणून. आईला सांगितलं, डबा पौर्णिमाने आणून दिला.

पौर्णिमा: अन सोमवारी माझ्या बाजूले येऊन बसली.

ऋचा: हो.

पौर्णिमा: आठवडाभर माझ्यासंग जेवली. भाजी आजीच्या हातची असते, माहीत आहे ना तुले?

ऋचा: रोज ठरवायचे की आज सांगेन. मला वाटायचं त्यांनी तुला सांगितलं असणार आणि तू कधीतरी सगळ्यांसमोर बोलशील. तू काहीच बोलली नाहीस. मला वाटलं सुटले. खरंच वाटलं, पौर्णिमा. दोन दिवस मला बरं वाटत होतं. त्याचीच जास्त...

पौर्णिमा: तू मले एकदा म्हटली होती, तुम्ही अमरावतीचे लोक किती फाडकन बोलता, पुण्यात असं तोंडावर कोणी बोलत नाई.

ऋचा: म्हणाले होते.

पौर्णिमा: बराबर आहे. तिथं दार लोटून बोलतात.

(तानुबाई डोक्यावर मेथीची पाटी घेऊन वाफ्यातून येतात.)

तानुबाई: कोन आलं वं, पौर्णिमा? उनाचं दिसून नाई राह्यलं मले.

पौर्णिमा: ओळख न, आजी. तुझं कुलूप आलं आहे.

तानुबाई: अवं माय. हे तं... बस, बस, उठू नोको. पायी आली का फाट्यावरून? पौर्णिमा, पानी देलं का तिले?

पौर्णिमा: नको म्हणते.

ऋचा: आजी, मी तिला सगळं सांगितलं.

तानुबाई: काहून सांगतलं? मी बुजवून टाकलं होतं न.

पौर्णिमा: तू माझ्यासंग खोटं काहून बोलली, आजी? मी आठ दिवस हिच्या बाजूले बसून हिले वांगे चारून राहिली.

तानुबाई: मंग काय करू? तुले सांगतलं असतं तं तू दुसऱ्या दिवशी शाळेत जाऊन तिच्या झिपऱ्या धरल्या असत्या. अन थ्या पोरीले तुह्याबिगर कोन हाय अठी? तूच तं मनली होती, जिन्याखाली बसून खाते मनून. पोरीच्या जातीनं एकटं जेवू नाई.

ऋचा: आजी, माझं फार चुकलं. तो ग्लास...

तानुबाई: ग्लासाचं सोड. चाळीस वर्सं दारोदार भाजी इकली म्या. कोनतं भांडं घरातलं अन कोनतं बाहेरचं, मले हातात घेतल्याबराबर समजते. पानी थंडं होतं तुमचं, थे खरं.

ऋचा: आणि ते दुसरं...

तानुबाई: थे दुसरं तू कर बरं.

ऋचा: काय करू?

तानुबाई: माही नक्कल. तवा अर्धीच आयकू आली मले, जिना उतरून राह्यली होती. उभी राय अन कर. मी कशी बोलतो, मले तं कधी दिसलंच नाई.

ऋचा: नको ना आजी.

तानुबाई: काहून? मास्तराची करतं न तू.

ऋचा: नाही जमणार.

तानुबाई: त्या दिवशी तं जमली. लोकं हासले.

ऋचा: तुमच्यासमोर नाही करू शकत मी.

तानुबाई: बरं. राहू दे मंग. रडू नोको वं, मेथीवर पानी पडलं का जुडी सडते. पदर घे माहा, नाक पूस.

पौर्णिमा: झालं. करून टाकलं माफ.

तानुबाई: मी कुठी माफ केलं? मले जे लागलं थे लागलं. जिना उतरता उतरता कठडा धरा लागला मले. थे काई रोडग्याच्या डब्यासंग वापस येत नाई. पन पोरगी उनाची चालत आली. तोंडानं सांगतलं. मी तं तिले लपाले जागा देली होती, तिनं नाई घेतली. थे बी मोजा लागते का नाई?

पौर्णिमा: तू मोज. मले नाई मोजायचं.

तानुबाई: नोको मोजू. मी गाईले चारा टाकून येतो. तिले खाली पोटी जाऊ नोको देऊ.

ऋचा: नाही आजी, निघते मी. साडेसहाची बस आहे.

पौर्णिमा: थांब. फाट्यावर कुत्रे आहेत तीन, नव्या माणसाले पाहून अंगावर येतात. मी चालतो संग.

ऋचा: जाईन मी एकटी. तू कशाला...

पौर्णिमा: कुत्र्यायशी माझं भांडण नाई, तुझ्याशी आहे. चाल.

ऋचा: पौर्णिमा.

पौर्णिमा: काय?

ऋचा: उद्या शाळेत बोलशील ना माझ्याशी?

पौर्णिमा: उद्या नाई. उद्या मी मागच्या बाकावर बसीन. परवाचं परवा पाहू.