कधीही न घसरलेला क्लब

तुम्ही हसाल, पण बासष्ट साली न्युरेम्बर्गमध्ये एका काळजीने माझी झोप उडाली होती. सहा वर्षांचा दिलीप वर्षभरात जर्मनचा एक शब्दही बोलला नव्हता. दोष अर्थात माझा; बी.ए. झालेल्या आईला स्वतःचा दोष शोधायला वेळ लागत नाही. शेवटी त्याला जवळच्या फुटबॉल क्लबात घालायला नेलं. अध्यक्षांनी अर्ज बाजूला ठेवून आधी क्लबचा इतिहास ऐकवला.

“चाळीस वर्षांत आमचा संघ एकदाही खालच्या लीगमध्ये घसरलेला नाही.”

मी आदराने मान डोलावली. दिलीप मराठीत म्हणाला, “आई, बाबा तर म्हणाले, यांच्या खाली लीगच नाही.”

“काय म्हणतो?” अध्यक्षांनी विचारलं.

“म्हणतो, केवढा थोर क्लब,” मी भाषांतर केलं.

अध्यक्षांनी खूश होऊन सहीसाठी पेन उघडलं. तेवढ्यात दिलीप स्वच्छ जर्मनमध्ये म्हणाला, “आई खोटं सांगतेय. तुमच्या खाली लीगच नाही, असं म्हणालो मी.”