नळावरचा समाजवाद

समाजवादावर तुम्ही खुशाल भांडा, मला तो नव्वदच्या दशकात सुरतेत, लिंबायतच्या नळावर कळला. आमच्या गल्लीचा रिवाज होता, घरात बाळंतीण किंवा आजारी माणूस असलं की त्यांचा हंडा पहिला. मी दहावीत, संविधानाची उद्देशिका तोंडपाठ! शेजारच्या शेवंताकाकू सुनेच्या बाळंतपणामुळे पुढे आल्या, तर मी अडवलं.

"काकू, संविधानात सगळे समान आहेत. रांगेत या!"

बिचाऱ्या मागे गेल्या. त्यांची पाळी येईस्तोवर पाणी गेलं.

आठवड्याने आई तापाने फणफणली. मी गुपचूप रांगेत शेवटी उभी. काकूंनी माझा हंडा उचलून थेट नळाखाली लावला.

"तुझ्या संविधानात 'समाजवादी' पण लिहिलंय म्हणे. ते पान राहिलं का वाचायचं? भर व माय!"

बोर्डात नेमका त्याच शब्दाचा अर्थ आला. मी नळाची गोष्ट लिहिली. मार्क मिळाले, ते काकूंचेच.