आज तेल घालू नका

मी, खाली सही करणार, वय एकोणपन्नास, धंदा शिलाई मशीन दुरुस्ती, शिक्षण गावच्या शाळेत सातवीपर्यंत, राहणार बाजारातल्या माझ्या दुकानामागच्या खोलीत. बाजारात मला तेलकाका म्हणतात. एका शिंप्याने आपली बायको बेपत्ता असल्याची आणि तिला पळवण्यात माझा हात असल्याची तक्रार दिल्यावरून मला बोलावण्यात आले. समक्ष हजर राहून, विचारल्यावरून सांगतो की,

माझ्या दुकानातून दर आठवड्याला मशीनची निगा कशी राखावी याबद्दल एक छोटे पत्र ईमेलने जाते. शेवटी नेहमी ‘तेल घालत जा’ असे असते, त्यावरून मला ते नाव पडले. सुरुवातीला पत्र घेणारे फार थोडे होते. माझी पुतणी म्हणाली, “काका, नुसतं तेल घाला ऐकायला कोण आपला पत्ता देईल? काहीतरी फुकट द्या, मग बघा.” मी म्हणालो, “फुकट द्यायला माझ्याकडे सल्लाच आहे.” ती म्हणाली, “तो तर तुम्ही न मागता देता.”

म्हणून मी एक जुनी मशीन नवीसारखी करून सोडतीत ठेवली. ईमेलचा पत्ता देईल त्याची चिठ्ठी पडणार, आणि ओळखीच्या दुसऱ्याला यादीत आणेल त्याच्या दोन पडणार, असा नियम पुतणीने केला. यादी इतकी वाढली की कोण कुठला हे मला कळेना. तक्रारदार यादीत त्याच वेळी आला. तो दुसऱ्या गावात शिवणकाम करतो. त्याला मी तेव्हा ओळखत नव्हतो.

मशीन एका बाईंना लागली. त्या लाकडाच्या वखारीवरच्या खोलीत शिवणवर्ग घेत. मशीन न्यायला आल्या तेव्हा म्हणाल्या, “नाव छापू नका, काका. फोटोही नको.” मी बरे म्हणालो. त्यांच्या डाव्या हाताची दोन बोटे वाकत नव्हती. मी विचारल्यावर, मशीनखाली आली, असे म्हणाल्या. मशीनखाली आलेली बोटे मी पुष्कळ पाहिली आहेत. तशी ती नव्हती. मी पुढे विचारले नाही.

काही दिवसांनी त्यांनी माझ्या दुकानातल्या मशीनसाठी एक कव्हर शिवून आणून दिले. कोपऱ्यांवर टाके उलटसुलट घेऊन बारीक त्रिकोण केले होते. इतके नेटके काम मी क्वचित पाहिले. मी नाव छापले नाही. त्यांचा फोटो छापला नाही. कव्हरचा छापला, आणि ‘बक्षीस योग्य हाती गेले’ असे खाली लिहिले.

त्यावर तक्रारदाराचे उत्तर आले. हा हात सुंदर आहे, काम द्यायचे आहे, बाई कुठल्या, असे नम्रपणे विचारले होते. बाईंना काम मिळेल या आनंदात मी कळवले, की आमच्याच बाजारातल्या आहेत, दुकानात या, सांगतो.

बुधवारी दुपारी तो आला. दुरुस्तीला एक बॉबिन केस, म्हणजे मशीनमधली खालच्या दोऱ्याची डबी, घेऊन आला होता. मला काका म्हणाला, पाणी मागून प्यायला. मी वखारीवरची खोली सांगून टाकली. मग त्याने विचारले, “एकटीच असते का? मागून जिना आहे?”

ज्याला कपडे शिवून घ्यायचे असतात तो मागचा जिना विचारत नाही. मी हातातली केस खाली ठेवली.

तो म्हणाला, “घाबरताय कशाला? माझी बायको आहे. तो त्रिकोण माझ्या दुकानात शिकलीय ती. मीच शिकवलाय.” आणि स्वतःच्या डाव्या हाताची दोन बोटे दुसऱ्या हातात धरून हसला.

मी म्हणालो, “बसा. केस उघडतो.” केस सुटी करून रॉकेलमध्ये टाकली. त्याला ती परत जोडूनच न्यायची होती, म्हणून तो बसला.

बाईंचा फोन नंबर माझ्याकडे नव्हता. माझ्याकडे होती ती यादी, आणि आलेल्या पत्राला उत्तर देण्याखेरीज पुतणीने शिकवलेले एकच बटण. त्याने पत्र सगळ्यांना जाते. समोर बसलेला माणूसही त्या यादीत होता, हे मला माहीत होते. मी मनात देवाचे नाव घेतले आणि लिहिले: ‘आज तेल घालू नका. मुंडी स्टँडवरून उतरवा, पट्टा काढा, मशीन ताबडतोब जागेवरून हलवा. बक्षिसाच्या मशीनला हे सर्वांत आधी लागू.’

त्याच्या खिशात फोन वाजला. त्याने काढून मोठ्याने वाचले. “तेल घालू नका? अहो, तुम्हीच ना तेलकाका?”

मी म्हणालो, “आजच्या दिवसापुरतं.”

त्याने फोन खिशात टाकला. मग म्हणाला, “डोकं तपासून घ्या, काका. आणि हात चालवा.” मी केस धुतली, पुसली, पुन्हा धुतली. स्क्रू माझ्या हातून खरोखरच खाली पडला, तो मुद्दाम पाडला नव्हता. तो शोधायला तक्रारदारच वाकला. बाईंनी पत्र वाचले की नाही, हे मला कळायला मार्ग नव्हता. केस जोडून झाल्यावर त्याला थांबवायला माझ्याकडे काही उरले नाही. तो गेला. मी दुकान उघडेच टाकून मागोमाग गेलो.

वखारीवरच्या खोलीचे दार उघडे होते. स्टँड जागेवर होता. मुंडी, म्हणजे वरचे यंत्र, नव्हती. पट्टा काढून नीट गुंडाळून ठेवला होता. तक्रारदाराने स्टँड लाथेने पाडला आणि माझी गचांडी धरली. वखारीतल्या हमालांनी सोडवले.

ते पत्र कोणासाठी होते असे विचारल्यावरून सांगतो, एकासाठी होते. बाई आता कुठे आहेत ते मला माहीत नाही. मी खोटे बोलत नाही, म्हणून पुढचेही सांगतो. काल यादीतून एकाने नाव काढल्याची सूचना आली. नाव काढण्याचे कारण लिहायला तिथे एक चौकोन असतो. बहुतेक जण तो रिकामा सोडतात. त्यात लिहिले होते, ‘तेल घातले. छान चालते.’

ती सूचना मी वाचली आणि पुसून टाकली.

या कागदाची नक्कल तक्रारदाराला मिळते का, असे मी विचारले. त्याचे उत्तर मला मिळालेले नाही. वरील मजकूर मला मोठ्याने वाचून दाखवला, तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे. बाईंचे नाव दोन ठिकाणी लिहिले गेले होते, ते माझ्या विनंतीवरून खोडले आहे, आणि खोडलेल्या जागी मी सही केली आहे.