खिडकी उघडा, डॉयल बाहेर आहे

चौदा फेब्रुवारी, शनिवार, सकाळपासून बर्फाळ पावसाची भुरभुर, आणि अशा हवेत, तुम्हाला सांगतो, वाचनालयाची खिडकी सताड उघडी! आतली माणसं कोटाच्या गुंड्या गळ्यापर्यंत लावून कुडकुडतायत... का? तर म्हणे, बंदी म्हणजे बंदी!

आता बंदी कुणावर? डॉयलवर. आमच्या कॉटन्स फोर्डचा तारवाला हो! अमेरिकेतल्या आर्कान्साच्या या कोपऱ्यातल्या शाळांत, वाचनालयात इंटरनेट आणलं ते यानं, सरकार पैसे देतं त्या योजनेतून. आणि केलं काय गड्यानं? एका शाळेत तारा ओढल्याच नाहीत, बिल मात्र लावलं! पकडला गेला, कोर्टात कबूल झाला, शिक्षा भोगून आला, आणि वर सरकारचा हुकूम... तीन वर्षं या योजनेच्या कामाला हात लावायचा नाही. बरोबरच आहे की! त्याला कोण नाही म्हणतंय?

पण गावाला असल्या बंदीची सवय कुठली? आमच्याकडे कुणी वारलं की शेजारी शिजवलेलं घेऊन येतात, भांड्याच्या बुडाला आपल्या नावाची चिकटपट्टी लावून. दुसरं काही सुचेना, तर लोकांनी तेच केलं! डॉयल धडधाकट दारात उभा, आणि बायका त्याच्याच हातात कोंबडी-भाताचं भांडं देतायत, 'फार वाईट झालं रे... भांडं सावकाश परत दे, घाई नाही.'

त्यातून त्याची थोरली बहीण नादीन वाचनालय सांभाळते. सख्ख्या आईनं पुस्तक एक दिवस उशिरा आणलं तर तिच्याकडून दंड घेणारी बाई! तिला वाचनालय समितीच्या पेटिग्रूबाईंनी गाठलं. 'हे बघ नादीन, तो आत दिसला आणि कुणी वर कळवलं तर आपलं इंटरनेट तोडतील. मग जी माणसं बाहेर गाड्यांत बसून आपल्याच इंटरनेटवर नोकरीचे अर्ज भरतात, त्यांनी कुठं जायचं? बंदी म्हणजे बंदी!' नादीननं सरकारी कचेरीत फोन लावला. तासभर फोनवरचं तेच ते संगीत ऐकलं, मग एक गोड आवाज... 'आपला प्रश्न नोंदवून घेतला आहे हं.' आणि उत्तर? कसलं उत्तर!

आणि त्या शनिवारी नेमका त्यांच्या आईचा, ओटी तिचं नाव, नव्वदावा वाढदिवस. म्हातारी वाचनालयात आपल्या आठवणी वाचून दाखवणार होती. डॉयल आला, इस्त्रीचा शर्ट, केस चापून बसवलेले. दारात नादीन.

'डॉयल... कचेरीत विचारलंय रे मी. अजून काही कळलं नाही.'

त्यानं तिच्याकडे पाहिलं, 'बरं' म्हणाला, आणि जाऊन आपल्या गाडीत बसला. भांडला असता तर परवडलं असतं हो!

आत म्हातारी चष्मा लावून तयार. 'डॉयल कुठाय?'

'आई, बाहेर आहे. त्याला बंदी आहे.'

'काय आहे?'

'बंदी!'

'घरच्या वाढदिवसाला?' म्हातारीनं सगळ्यांवरून नजर फिरवली. 'मग खिडकी उघडा.'

'अगं, लोक गारठतील!'

'कोट आहेत ना त्यांना?'

खुर्ची फिरवली, गावाकडे पाठ केली, आणि खिडकीकडे तोंड करून वाचायला लागली. घरात पहिला दिवा आला तेव्हा वडील रात्रभर बटण खालीवर करत बसले होते ते... डॉयलनं लहानपणी आईचीच केसांची पिन त्या बटणाशेजारच्या भोकात खुपसली ते... लोक हसले. तिकडे गाडीत डॉयलनं इंजिन बंद केलं होतं, म्हणजे ऊबही बंद. नाहीतर ऐकू आलं नसतं. पेटिग्रूबाईंचे दात वाजत होते, पण खिडकी लावा असं काही त्या म्हणाल्या नाहीत.

मंगळवारी कचेरीचं उत्तर आलं. आत यायला, बसायला, ऐकायला कुणालाच मनाई नाही; मनाई कामाला आणि पैशाला. नादीन राहिलेला केक घेऊन धावत भावाकडे. तो भांडी विसळत होता, चिकटपट्ट्या भिजू नयेत म्हणून बेतानं.

'डॉयल, तुला येता येतं! अरे, येता येत होतं!'

'ठाऊक आहे. वकिलानं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.'

'मग मेल्या, बोलला का नाहीस?'

'तू दारात होतीस ना... बोललो असतो तर तू आत घेतलं असतंस. मग गाव म्हणालं असतं, चोराला बहिणीनं आत घेतलं. तुला नोकरी करायचीय इथं.' भांडं पुसून त्यानं तिच्या हातात दिलं. 'हे पेटिग्रूबाईंचं. जाता जाता देशील?'

एप्रिलमध्ये ओटी गेली. तीच भांडी पुन्हा आली. वाचनालयाचं इंटरनेट चालू आहे. डॉयल अजूनही शनिवारी येतो, आत न येता गाडीतच बसतो. नादीन खिडकी उघडते.