अण्णांच्या नावाखालच्या चार ओळी

हॅलो?

हां ताई, बोल… अगं नाही, जागीच होते. मटार सोलत बसलेय.

बघितलास फोटो? मीच टाकला ग्रुपवर. मनवाच्या कॉलेजची यादी आहे ती… वाण्याची कसली, पुस्तकांची. ॲन्थ्रोपॉलॉजीवाल्यांना म्हणे आधी काय काय वाचलं ते लिहून द्यावं लागतं. आणि प्रत्येक नावाखाली चार ओळी, की लिखाण कसं आहे, कितपत विश्वास ठेवायचा… हो, ॲनोटेटेड बिब्लिओग्राफी. माझं आता तोंडपाठ झालंय. गिरगावातल्या वाड्यांमधले सण, असा विषय घेतलाय माझ्या लेकीने.

आणि बघ ना, एवढी परदेशातली मोठी माणसं, आणि मधोमध आपले अण्णा. आडनावासकट. वाडीच्या गणपतीची सुवर्णमहोत्सवी स्मरणिका निघाली होती, त्यातला तो लेख गं… हो, तोच. तू शाळेत होतीस तेव्हाचा. सकाळपासून शेजारीपाजारी दाखवून आले मी.

काय?… खालचं? खालचं कुठे वाचलं मी. नाव दिसलं आणि पाठवून दिलं. इंग्रजीत आहे ते, बारीक बारीक…

'सुनेत्रा' म्हणालीस म्हणजे रागावलीस तू. थांब, मराठीत सांग, हळू… लेखक वाडीतलेच, तपशील स्वतः पाहिलेले… मग चांगलं लिहिलंय की… पुढे?… मंडळाच्या पुरुषांशिवाय कोणालाच विचारलेलं नाही… आणि? 'वाडीत कधी भांडण झालं नाही' हे विधान जपून वापरावं…

असं लिहिलंय?

…ऐकतेय मी. हेरंबदादाने वाचलं? काय म्हणाला?… नुसता अंगठा? बरं.

हो, हो… अगं ऐक ना. मला काय बरं वाटतंय का? जन्मात छापून आलेलं त्यांचं ते एवढं एकच. या वयात त्यांना हे बघायला लागलं तर… कळतंय मला. संध्याकाळी द्यायचंय तिला. थांब, आत्ताच काढायला लावते. मनवा… ए मनू, इकडे ये जरा. आजोबांच्या नावाखालच्या ओळी काढून टाक.

…नाही म्हणतेय… म्हणजे नाहीच म्हणतेय, ताई. म्हणते, सगळ्यांना गोड गोड बोलायचं तर ते हळदीकुंकू झालं, अभ्यास नाही.

मी नाही लाडावून ठेवलेली. तुझ्यावर गेलीय ती, मावशीवर… अगं, दादरला बसून तुला सोपं आहे. मला दोघांनाही जेवायला वाढायचंय.

बरं, एक सांग. खोटं लिहिलंय का तिने? शेजारच्या राधाबाईंनी आईची कळशी नळावरून भिरकावली होती, ते कोणी बघितलं?… तूच ना? मी तेव्हा पाळण्यात… आणि मोदक? अख्ख्या वाडीचे मोदक आई आणि राधाबाई वळायच्या. त्यांचं एक अक्षर आहे का लेखात? अध्यक्ष आहेत, खजिनदार आहेत, मांडववाला आहे. आई नाही.

…ताई? रडतेस की काय?

थांब, अण्णा आले बाहेर. काही नाही अण्णा, ऋताताईचा आहे. सहज केला… काय?… तुम्हाला कोणी दाखवलं?… मनवाने? काल?

ताई, ऐकतेस ना? हिने कालच वाचून दाखवलं त्यांना. आधी त्यांना, मग मॅडमना द्यायचं, असं ठरवलं होतं म्हणे… मला काय माहीत? आजोबा आणि नात, दोघंही मुगाचे लाडू खात गप्प बसलेले. विचारते, थांब. अण्णा, तुम्ही काय म्हणालात हिला?

…

म्हणतात… थांब गं, मलाच भरून आलंय. म्हणतात, इतकी वर्षं जो तो 'छान लिहिलंत' म्हणत आला. पण लेख वाचला तो या पोरीनेच.

…हो ना… हो गं. अभिमान वाटतोय मला. दोघांचाही. कोणाचा जास्त ते नको विचारूस.

आणि म्हणतात, 'जपून वापरावं' कशाला? 'साफ खोटं' असं लिही.

आता ही काय खुणा करतेय… काय गं? ताई, ती म्हणते, नळावरचं तू सांग. मुलाखत म्हणून घेईल ती. यादीत तुझंही नाव येईल… अगदी अण्णांच्या पंक्तीला… माहेरचं लावायचं की सासरचं ते तूच ठरव… नाही, पहिलं नाही घालता येत. अक्षराप्रमाणे असतं, वशिला नाही चालत.

हो, तुझ्याही खाली चार ओळी येणार… नाही, काढायला नाही सांगता यायचं.

…हॅलो?… ताई? ठेवलास की काय?

…हां, आहेस. बोल… काय?… परत सांग… खरंच?

मनू, लिही. मावशी म्हणते, कळशी राधाबाईंनी फेकली हे खरं. पण त्याआधी आईने त्यांचा भरलेला हंडा आपल्या बादलीत ओतून घेतला होता. मोदकांच्या उकडीला पाणी हवं होतं म्हणून.

…ठेवते गं ताई. अण्णांना हसून ठसका लागलाय.